बिडाचं चाक

लोखंड कापताना आधी ऐकायचं असतं, बघायचं नंतर, असं माझे वडील, अप्पा, म्हणत. त्यामुळे आमच्या घरात कुणी मोठ्यानं बोललेलं त्यांना चालत नसे. राग नसायचा त्यात, पण त्यांचा एक कान कायम लेथकडे, लोखंड फिरवून कापायच्या यंत्राकडे, असायचा. घर आणि वर्कशॉप यांच्यामध्ये एकच भिंत होती आणि स्वयंपाकघराच्या बाजूनं त्या भिंतीला अव्वाची, म्हणजे आईची, मांडणी ठोकलेली होती. लेथवर मोठं काम चढलं की मांडणीतल्या पितळी वाट्या बारीक किणकिणायच्या, आणि अव्वा भाकरी थापता थापता म्हणायची, "आज तुझे अप्पा लौकर जेवायला येत नाहीत बघ." आजूबाजूच्या गल्ल्यांतून यंत्रमागांची खटखट दिवसभर चाले. ती आम्हाला ऐकूच येत नसे. वीज गेली की मात्र सगळं एकदम थांबायचं, आणि त्या शांततेनं पाळण्यातली पोरं जागी होऊन रडायला लागायची.

अप्पा मागांचे सुटे भाग बनवायचे. दांडे, पट्टा चढवायच्या पुल्या, दात्यांची चाकं. त्यांतलं बरंचसं काम बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं. बीड कापलं की पोलादासारखे लांब वळसे निघत नाहीत, काळा भुगा पडतो. तो अप्पांच्या केसांत, भुवयांत, सदऱ्याच्या शिवणीत बसलेला असायचा. अव्वा कर्नाटकाच्या सीमेलगतच्या मैंदर्गीची. लग्न होऊन सोलापूरला आली तेव्हा तिला मराठी फारसं येत नव्हतं. पुढं उत्तम यायला लागलं, तरी भाकऱ्या ती शेवटपर्यंत कानडीतच मोजायची. दुपारी कडक भाकरी, शेंगाची चटणी, वर दही, आणि पातेल्यात काहीतरी पातळ. अप्पा हात धुऊन बसले तरी त्यांच्या ताटाभोवती तेलाचा आणि लोखंडाचा वास असे. आजही एखाद्या गॅरेजवरून जाताना मला भूक लागते, हे कुणाला सांगितलं तर हसतात.

अप्पांचे धाकटे भाऊ बसवराज आमच्याकडेच असत. आम्ही त्यांना बसूकाका म्हणायचो. लग्न केलं नव्हतं आणि करायचा विचारही दिसत नव्हता. त्यांचा जीव होता एका जुन्या गोल दिव्यांच्या गाडीवर. तेव्हा आमच्या भागात मोकळ्या माळावर मोटारींच्या शर्यती होत. चुन्याच्या रेघा मारायच्या, जुने टायर मांडून वळणावळणाची वाट आखायची, आणि एकेक गाडी सोडून वेळ मोजायची. बसूकाका दरवर्षी भाग घ्यायचे आणि दरवर्षी धुळीनं माखून, हसत, काहीही न जिंकता परत यायचे. मला गाडी शिकवली ती त्यांनीच, मैंदर्गीला आजोळी जाताना, अक्कलकोटच्या पुढच्या रिकाम्या रस्त्यावर. मी तेव्हा कॉलेजात होते. गल्लीत गाडी चालवणारी दुसरी मुलगी नव्हती. अप्पांनी कधी हरकत घेतली नाही; फक्त एकदा म्हणाले, "गिरिजे, क्लचवर पाय ठेवून बसू नको. प्लेट झिजते."

त्या वर्षी बसूकाकांनी गाडी हलकी करायचं मनावर घेतलं. मागची सीट काढली, दारांच्या आतले पत्रे काढले, जादा चाक घरी ठेवलं. तरी वळणातून बाहेर निघताना गाडी जागच्या जागी विचार करत बसायची. एके दिवशी ते मला म्हणाले, "चुकीच्या जागेवरचं वजन काढत हुतो आपण." त्यांनी माझी सायकल उलटी ठेवली. ओल्या चिंध्यांचे चार गोळे केले आणि मागच्या चाकाच्या मधोमध, तुंब्याजवळ बांधले. "फिरव पायडल." मी हातानं फिरवलं, चाक लगेच पळालं. मग तेच गोळे सोडून त्यांनी कडेला, धावेवर बांधले. आता पायडल जड लागलं, चाक उठेचना, आणि एकदा उठलं की थांबेचना. "वजन तेवढंच हाय की न्हाय?" काका म्हणाले. "कुटं बांधलं ते बघ. गाडीत बसलेल्या माणसाला नुसतं पुढं न्यायचं असतंय. फिरत्या चाकाला पुढं बी न्यायचं आन फिरवायचं बी."

आणि गाडीत असं सगळ्यांत मोठं फिरतं वजन इंजिनच्या पाठीशी बसलेलं असतं: फ्लायव्हील, बिडाचं जाडजूड चाक. इंजिन गचके न खाता फिरत राहावं म्हणून ते जड ठेवतात. पण दर वेळी ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनाला आधी ते चाक पळवावं लागतं, गाडी नंतर. ते कापून हलकं केलं तर गाडी पायाखाली जिवंत होईल, असं काकांचं म्हणणं. परवा माझ्या नातवानं मला फोनवर हलक्या मिश्रधातूच्या चाकांचा फोटो पाठवला आणि विचारलं, आजी, यानं खरंच फरक पडतो का? मी त्याला सायकल उलटी करायला सांगितली. त्याच्याकडे सायकल नव्हती.

बसूकाकांनी जेवताना विषय काढला. "अण्णा, फ्लायव्हीलची कड थोडी कापून द्या की. तुमाला काय, अर्ध्या दिवसाचं काम."

अप्पांचा घास हातात राहिला. "न्हाय."

"का पण?"

"बिडाचं हाय ते. न्हाय म्हटलं न्हवं?" आणि ते ताटावरून उठले. अव्वा मागून "ऊटा माडरी, जेवा की," म्हणत राहिली, तोवर भिंतीपलीकडे लेथ सुरू झाला होता. वीस-बावीस वर्षांच्या संसारात अप्पांनी भरलं ताट सोडलेलं अव्वानंही पाहिलं नव्हतं. आम्हाला वाटलं, काम जास्त असेल, डोकं तापलं असेल. बसूकाकांना वाटलं, अण्णांना शर्यतीचं वेड आवडत नाही. त्यांनी गुपचूप चाक उतरवलं, दुसऱ्या गावी कुणा ओळखीच्या टर्नरकडून, लेथवाल्याकडून, कापून आणलं आणि चढवलं. घरात फक्त मला माहीत होतं.

पहिल्यांदा ती गाडी मी चालवली तो सकाळचा तास मला अजून आठवतो. पाय नुसता टेकवला की इंजिन उसळायचं. पाय काढला की लगेच खाली यायचं. आधीची गाडी माझं ऐकून घ्यायची आणि मग करायची. ही मी बोलायच्या आधी उठायची. मात्र सात रस्ता चौकात थांबून परत निघताना मी सवयीनं क्लच सोडला आणि गाडी जागीच बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद. मागं रिक्षांचे भोंगे, एका सायकलवाल्यानं वाकून आत पाहिलं आणि "बाई हाय" असं जगाला सांगितलं. जड चाक आपल्या कितीतरी चुका पोटात घालत होतं, ते तेव्हा कळलं. हलक्या चाकावर निघायचं तर इंजिन वर ठेवून, पाय जपून सोडावा लागतो. आठवडाभरात मला ते जमलं, आणि जमल्यावर मला दुसरं काही सुचेना. कॉलेजच्या वर्गात बसून मी बाकाखाली डावा पाय हळूहळू वर घेत असे.

शर्यतीला थोडे दिवस राहिले असताना बसूकाका वर्कशॉपच्या पायरीवरून घसरले आणि मनगट मोडून बसले. प्लास्टरमधला हात धरून मला म्हणाले, "नाव मी बदलून आलोय. तू चालवायची."

मी हो म्हणाले. खरं तर त्यांनी विचारायच्या आधीच माझ्या मनात हो होतं.

त्या दुपारी वीज गेली. सगळ्या गल्ल्या गप्प झाल्या. काका आणि मी अंगणात गाडी सुरू करून पाहत होतो आणि मी दोनतीनदा जोरात रेस दिली. अप्पा वर्कशॉपच्या दारात आले. त्यांच्याबरोबर रामय्यामामा होते, अप्पांचे जुने स्नेही, आमच्या पलीकडच्या बोळात राहायचे. एका गिरणीत विणकर होते. तिथं अपघात झाला आणि उजवा पाय गुडघ्यातून वाकायचा बंद झाला, एवढंच आम्हाला लहानपणापासून ठाऊक. कुबडी भिंतीला टेकवून ते दुपारभर अप्पांजवळ स्टुलावर बसत. बोलत फार कमी.

अप्पांनी हात वर केला. "पुन्हा दे." मी रेस दिली. "बंद कर." मग काकांकडे वळून, आवाज न चढवता, "कुणी कापलं?"

काका प्लास्टर खाजवत राहिले.

"गाडी खोल."

काकांचा हात प्लास्टरमध्ये, म्हणून अप्पाच गाडीखाली गेले आणि मी हाताशी हत्यारं देत राहिले. गिअरबॉक्स उतरला, क्लच सुटला, चाक बाहेर आलं. अप्पांनी ते तारेनं अंगणातल्या छपराच्या हुकाला टांगलं आणि हातोडीच्या लाकडी दांड्यानं हलकं ठोकलं. धड बीड घंटेसारखं वाजतं. हे थप्प करून गप्प बसलं. मग त्यांनी चाक रॉकेलनं पुसलं, कोरडं केलं आणि वरून खडू चोळला. आम्ही सगळे बघत उभे होतो. अव्वाही पिठाचे हात घेऊन बाहेर आली होती. थोड्या वेळानं पांढऱ्या खडूवर, एका बोल्टाच्या भोकापासून कडेकडे, केसाएवढी काळी रेघ हळूहळू उमटली. चिरेत शिरलेलं रॉकेल बाहेर येत होतं.

"हे फुटलं असतं तर कुटं गेलं असतं, ठाऊक हाय?" अप्पांनी काकांना विचारलं. मग त्यांनीच माझ्या पायांकडे बोट दाखवलं. काकांनी त्या रेघेवर बोट ठेवलं. त्यांचा चेहरा मी पुन्हा तसा कधी पाहिला नाही. "अण्णा, मला... मी तिला बसवणार हुतो त्यात."

अप्पा जमिनीवर बसले. काकांवर ओरडतील असं मला वाटत होतं. पण ते रामय्यामामांकडे बघत होते. मग म्हणाले, "रामय्या, ती पुली मी कापली हुती."

आम्हाला काही कळेना. अप्पा खाली बघत सांगत गेले. गिरणीच्या वर्कशॉपात ते टर्नर होते. मागांच्या वरून जाणाऱ्या मोठ्या दांड्यावरची एक बिडाची पुली डोलत होती. ती सरळ करून दे म्हणून वरच्यांनी पाठवली. कापता कापता एका बाजूची कड पातळ झाली. ओतकामच तिरकं होतं. टूलचा आवाज बदलला, तो त्यांनी ऐकला. सांगावं असं वाटलं. पण त्या पुलीपायी सगळा दांडा थांबला होता, सगळे घाईत होते, आणि अप्पा नवे होते. त्यांनी पुली पुसून दिली. नंतर ती फुटली तेव्हा खाली माग चालवत होते रामय्यामामा.

"येवढी वर्सं तू हितं येऊन बसतोस," अप्पा म्हणाले. "रोज वाटायचं, आज सांगावं."

रामय्यामामांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. "मला ठाऊक हाय की," ते म्हणाले. "दवाखान्यातच कळालं. तुकडे बघून आले हुते लोकं. तुज्याशिवाय त्या गिरणीत तेवढं साफ कापणारं हुतं कोण?"

अप्पांनी मान वर केली. "मग बोलला न्हाईस?"

"काय बोलू? तू गिरणी सोडलीस, लेथ टाकलास, तवा मला कळालं का सोडलीस ते. आन तू सांगशील म्हणून मी बसलो." टोपी पुन्हा डोक्यावर घालत ते म्हणाले, "तू बी लई येळ लावलास, मल्लप्पा."

अव्वा पदरानं डोळे पुसत होती. वीज परत आली, गल्ल्या एकदम खटखटायला लागल्या, आणि अंगणात आम्ही सगळे त्या टांगलेल्या चाकाभोवती तसेच बसून राहिलो. मला वाटलं, आता शर्यतीचा विषय संपला. काका तसं म्हणालेही: "राहू द्या. नाव काढून टाकतो." अप्पा मान हलवणार, तेवढ्यात अव्वा बोलली. एरवी या दोन भावांच्या मधे ती पडत नसे. "एकानं न सांगता कापून आणलं, दुसऱ्यानं न सांगता मनात ठेवलं. आता बी तुमीच ठरवताय. गाडीत बसणार कोण? तिला इचारलं का कुणी?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. खडूवरची ती रेघ माझ्यासमोर होती आणि मला भीती वाटत होती. पण मला चालवायचीही होती. "अप्पा," मी म्हणाले, "मला जायचंय. तुम्ही कापून दिलंत तर."

अप्पांच्या आधी रामय्यामामाच म्हणाले, "दे की कापून. ऐकू तुला तवा बी येत हुतं. आता बोलायला बी येतंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पांनी शोधून आणलेलं बिनकापलेलं चाक आधी वाजवलं, खडूनं तपासलं, आणि लेथच्या चकात, म्हणजे पकडीत, धरलं. मला जवळ उभं केलं. काकांच्या टर्नरनं कुठंही कापलं होतं, मधोमध बोल्टांजवळही, जिथं सगळा ताण येतो. अप्पांनी मधल्या भागाला हात लावला नाही. फक्त कडेचं थोडं, बारीक बारीक काप घेत, दर कापानंतर यंत्र थांबवून, बोट फिरवून. "लई हलकं करायचं न्हाय," ते म्हणाले, काकांना की मला कोण जाणे. "कडेचं थोडं गेलं तरी लई फरक पडतो. आन थोडं ऱ्हायलं तर वाईट काय न्हाय." मधेच एकदा ते थांबले आणि मला विचारलं, "आवाज कसा हाय?" मी सांगितलं, सारखा आहे. त्यांनी पुन्हा सुरू केलं. हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. पण त्या दिवशी त्यांनी तीनचारदा मला विचारलं आणि दर वेळी मी काय म्हणते ते ऐकून घेतलं. मग चाक दांड्यावर घालून दोन सपाट पट्ट्यांवर ठेवलं. जड बाजू आपोआप खाली येते, तिथं बारीक भोक पाडायचं, पुन्हा ठेवायचं, चाक कुठंही थांबलं तरी हलेना झालं तेव्हा ते उठले. बसूकाकांनी एका हातानं जाड पत्रा वाकवून माझ्या पायांपुढं ढाल बसवली. अप्पांनी ती उचकटून पुन्हा स्वतः बसवली. काकांनी पाना पुढं केला.

शर्यत मोहोळच्या अलीकडे एका माळावर होती. आम्ही सगळे त्याच गाडीतून गेलो, मागं सीट नव्हती म्हणून गोधडी टाकून. रामय्यामामांचा पाय दुमडत नसे म्हणून ते पुढं. अव्वानं डबा घेतला होता, भाकरी, चटणी आणि गुळाच्या पोळ्या, जणू जत्रेला निघालोय. माळावर बायका म्हणजे अव्वा आणि मी. पहिल्या फेरीला झेंडा पडला, मी घाबरून क्लच सोडला आणि गाडी बंद. लोक हसले. सुरू करून मी पळवली, पण वेळ गेला होता. परत आल्यावर काका खिडकीशी येऊन काही सांगायला लागले, पण अव्वानंच त्यांना बाजूला केलं, मला पाणी पाजलं आणि म्हणाली, "साकु. बास झालं सांगणं. तिला येतंय."

दुसऱ्या फेरीला मी इंजिन वर ठेवलं, पाय सावकाश सोडला, आणि गाडी निघाली. त्यानंतरचं मला नीट सांगता येत नाही. वळणात पाय काढला की गाडी लगेच सावरायची, टायर ओलांडला की लगेच उठायची. पूर्वी वळणातून बाहेर येताना जी वाट बघावी लागे ती राहिलीच नव्हती. काचेवर धूळ, तोंडात धूळ, आणि मी हसत होते, हे मला थांबल्यावर कळलं. आमच्या गटात मी दुसरी आले. पहिला आलेला माळशिरसचा एक उसवाला माझ्याशी हात मिळवायला आला, मग हात पुढं करावा की नाही हे न कळून त्यानं नमस्कार केला. मला बक्षीस म्हणून स्टीलची कळशी मिळाली. ती बहुधा आधी कुणा पुरुषाच्या बायकोचा विचार करून आणलेली असावी. अव्वानं ती आनंदानं घेतली.

अप्पा कुठं होते? मी त्यांना सगळ्या माळावर शोधलं. ते रेघेच्या अगदी जवळ, शेवटच्या वळणाशी उभे होते, जिथं इंजिन सगळ्यांत जोरात ओरडतं. केस पांढरे दिसत होते, धुळीनं. मी विचारलं, "कसं वाटलं?" ते म्हणाले, "तिसऱ्या वळणात गिअर उशिरा टाकलास." आणि मग माझ्या डोक्यावर हात ठेवला, तो बराच वेळ काढलाच नाही.

परत येताना ऊन कलत होतं. मी चालवत होते, शेजारी रामय्यामामा, मागं गोधडीवर बाकीचे. शहर जवळ आलं तसं लांबवर बंद पडलेल्या गिरणीचं धुराडं दिसायला लागलं. रामय्यामामांनी हातानं पाय उचलून थोडा सरकवला. मागून अप्पा पुढं वाकले, त्यांचा हात माझ्या सीटच्या पाठीवर आला.

"रामय्या, पाय दुखतो का रे अजून?"

"दुखतो की," मामा म्हणाले. "थंडीत लई दुखतो."

"सांगितलं न्हाईस कधी."

"तू इचारलं न्हाईस कधी."

अप्पांनी हात सीटवरून काढला आणि रामय्यामामांच्या खांद्यावर ठेवला, आणि घर येईपर्यंत तो तिथंच होता.